हतनूरला हंस कधी उतरतात? दिवाळीच्या सुट्टीत तिथंच जावं की सरळ खाडी गाठावी?

फैजपूरकर
नमस्कार मंडळी. या वर्षी ठरवून दोन गोष्टी पाहायच्या आहेत. एक म्हणजे पट्टकादंब, ज्यांना आपल्याकडे सगळे हंस म्हणतात. दुसरं म्हणजे चिखलात पळणारे बारके पक्षी: तुताऱ्या, टिलवे, चिखल्या. जळगाव जिल्ह्यातल्या हतनूर धरणाचा फुगवटा जवळ आहे, पण ऑक्टोबरात तिथं काठोकाठ पाणी असतं आणि चिखलाचा पत्ताच नसतो. मग हे पक्षी नेमके कुठं जातात? आणि सुट्टी दिवाळीतच मिळणार असेल तर हतनूर करावं, की मुंबई किंवा सुरतेकडच्या खाडीवर जावं? दुर्बीण १०×५० ची आहे. बारक्या पक्ष्यांमध्ये टिटवी आणि शेकाट्या सोडून सगळे मला सारखेच दिसतात, तेही कुणी सांगितलं तर बरं.

तापीकाठ
ताई, महिना नंतर बघा. आधी पातळी बघा. आपल्याकडे म्हणतात ना, आधी पानी देखा, मंग पाखरू.

हतनूरची पूर्ण संचय पातळी २१४ मीटर. तापी आणि पूर्णा दोन्ही नद्या गाळ घेऊन येतात, म्हणून पावसाळ्यात ४१ पैकी कमी-जास्त दरवाजे उघडे ठेवतात आणि पुराचं पाणी गाळासकट पुढं काढून देतात. पातळी मुद्दाम खाली ठेवलेली असते. पाऊस सरत आला की दरवाजे लावून साठा करतात. म्हणजे दोन पुरांच्या मध्ये, ऑगस्ट-सप्टेंबरात, चिखल उघडा असतो, आणि लोक दुर्बीण घेऊन निघतात त्या ऑक्टोबरात तो पाण्याखाली गेलेला असतो. तुम्हाला दिसतं ते अगदी बरोबर आहे.

पक्षी मात्र आपल्या सुट्ट्यांची वाट बघत नाहीत. ग्रीन सँडपायपर, वुड सँडपायपर, कॉमन सँडपायपर हे जुलैच्या शेवटापासून ऑगस्टात परतायला लागतात. आधी मोठे, आणि त्यांच्या मागून त्या वर्षीची पिल्लं. ऑक्टोबरात धरण भरलं की यातले बरेचसे लहान तळ्यांवर, पाझर तलावांवर, नाल्यांच्या काठावर आणि वावरात साचलेल्या पाण्यावर पांगतात. काही पुढं दक्षिणेला निघून जातात.

नंतर रब्बीचं आवर्तन, म्हणजे शेतीसाठी कालव्याचं पाणी सुटलं की पातळी उतरते. हतनूरचा फुगवटा उथळ आणि गाळानं भरलेला. त्यामुळं फूटभर पाणी उतरलं तरी चांगला रुंद पट्टा उघडा पडतो. वाघूरसारख्या खोल धरणात तेवढ्याच उतारानं हातभर काठ मोकळा होतो. पेपरात किंवा पाटबंधारेच्या रोजच्या आकड्यात पातळी उतरायला लागलेली दिसली की आठवडाभरानं जा.

चिखलाचंही वय असतं. नुकता उघडा पडलेला, चकाकणारा, वर बोटभर पाणी असलेला चिखल खरा. टिलव्याची चोच जेमतेम दोन सेंटीमीटरची, त्याला वरचा पातळ थर लागतो. मालगुजाची, म्हणजे ब्लॅक-टेल्ड गॉडविटची चोच नऊ-दहा सेंटीमीटर, तो घोटाभर पाण्यात उभा राहून खालचं काढतो. काळ्या मातीला भेगा पडल्या की दोघांनाही तिथं काही नाही. अशा जागेवर आठ-पंधरा दिवसांत कोवळं गवत फुटतं, आणि ते गवत हंसांचं.

आता हंस. दिवाळीत त्यांच्या भरवशावर जाऊ नका. डिसेंबरचा दुसरा आठवडा ते फेब्रुवारी हा त्यांचा काळ. मार्चमध्ये ते परत लडाख, तिबेट, मंगोलियाच्या वाटेला लागतात. वाटेत हिमालय. उपग्रहाच्या यंत्रानं नोंदलेली त्यांची सर्वांत जास्त उंची ७,२९० मीटर आहे. एवढं करून येतात ते आपल्याकडचा हरभरा खायला, हे शेतकऱ्याला सांगून बघा.

गिरणाथडी
वरच्या उत्तरात एकच दुरुस्ती. महाराष्ट्रात पट्टकादंबांचे पहिले छोटे थवे नोव्हेंबरातही उतरतात, त्यामुळं ‘डिसेंबरशिवाय नाहीच’ असं नाही. पण भरवसा डिसेंबरचाच, हे मान्य.

ऑक्टोबर-नोव्हेंबरात व्हॉट्सॲपवर ‘हंस आले’ म्हणून जे फोटो फिरतात, त्यात बहुतेक वेळा चक्रवाक असतो. केशरी-तांबूस अंग, फिकट डोकं, आणि उडताना पंखावर मोठा पांढरा भाग. तो ऑक्टोबरातच येतो, जोडीजोडीनं कोरड्या काठावर बसतो आणि आकारानं हंसासारखाच भासतो. दुसरा घोटाळा नकट्याचा. तो तर इथलाच. नराच्या चोचीवर टेंगूळ असतं आणि पाठ काळी चमकदार. पट्टकादंबाचं अंग राखाडी, डोकं पांढरं, त्यावर मागच्या बाजूला दोन काळे आडवे पट्टे, चोच आणि पाय पिवळे-नारिंगी. लांबून पट्टे दिसत नाहीत, पण मानेच्या बाजूनं खाली उतरणारी पांढरी रेघ दिसते. त्या वर्षीच्या पिल्लांना पट्टे नसतात, डोक्यापासून मानेच्या मागपर्यंत सरळ गडद रंग. थव्यात अशी पिल्लं किती, हे मोजून लिहिलंत तर ती नोंद नुसत्या आकड्यापेक्षा जास्त कामाची.

एखाद्या हंसाच्या गळ्यात रंगीत पट्टी किंवा पायात कडं दिसलं तर रंग, अक्षरं, आकडे आणि कोणता पाय, हे लिहून बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला कळवा. फोटो अस्पष्ट असला तरी पाठवा.

शेकाट्या
ताई, सगळे सारखे दिसतात कारण आपण आधी रंग बघतो. या पक्ष्यांत रंग शेवटी. आधी पाय, मग चोच, मग चाल, आणि उडाला तर पाठ. मराठी नावं पुस्तकागणिक बदलतात, म्हणून इंग्रजी नावांनीच सांगतो.

काठावर एकटाच आहे आणि शेपटीकडचा भाग सारखा खालीवर करतोय, तो कॉमन सँडपायपर. खांद्यापाशी पंखाच्या पुढं पांढऱ्या रंगाची पाचर वर चढलेली असते. उडतो तेव्हा पाण्याला लागून, पंख ताठ ठेवून थरथरवल्यासारखे हलवत जातो. धरणाच्या दगडी पिचिंगवर, पुलाखाली, कुठंही सापडेल. एवढा एक नीट ओळखता आला की बाकीच्यांना मापायला पट्टी मिळते.

ग्रीन आणि वुड ही जोडी सगळ्यांना छळते. ग्रीनची पाठ गडद, पाय हिरवट. नाल्याच्या आडोशाला एकटा असतो आणि दचकून उडाला की काळ्या पंखांमध्ये कंबर पांढरीशुभ्र चमकते. पंखाची खालची बाजू काळपट. वुडची पाठ तपकिरी, त्यावर फिकट ठिपके. भुवईची पांढरी रेघ डोळ्याच्या मागं लांबपर्यंत जाते, पाय पिवळट आणि उंच, पंखाची खालची बाजू फिकट. भाताच्या खाचरात किंवा वावरातल्या पाण्यात पाच-दहा जण सोबत दिसले तर बहुधा वुड. आवाजानं जास्त सोपं: वुड ‘चिफ-इफ-इफ’ असं एका सुरात, ग्रीन ‘ट्लुईट-वीट-वीट’ असं गोड आणि चढं.

टिलव्यांमध्ये पाय बघा. लिटल स्टिंटचे काळे, टेमिंक्स स्टिंटचे पिवळट-हिरवट. पायाला चिखल लागला असेल तर सगळेच काळे दिसतात, तेव्हा चाल बघा. लिटल स्टिंट उघड्यावर थव्यानं पळतो, कोंबडीचं पिल्लू दाणे टिपतं तसा चोच मारतो, दोन पावलं, टिप, पुन्हा दोन पावलं. टेमिंक्स गवताच्या कडेला गुडघे वाकवून उंदरासारखा सरकतो. उडाला तर सरळ वर चढतो आणि शेपटीच्या कडा पांढऱ्या दिसतात.

चिखल्यांमध्ये लिटल रिंग्ड प्लोव्हरच्या डोळ्याभोवती पिवळं कडं असतं आणि उडताना पंखावर पांढरी रेघ नसते. केंटिशला ती असते, पाय काळपट, गळ्याचा पट्टा समोर तुटलेला. मार्श सँडपायपर आणि ग्रीनशँकमध्ये चोच: पहिल्याची सुईसारखी सरळ बारीक, दुसऱ्याची जाड आणि किंचित वर वळलेली. रफ नावाचा पक्षी नवशिक्याला दोन वेगळ्या जातींसारखा दिसतो, कारण नर मादीपेक्षा खूपच मोठा. पाठीवरची पिसं खवल्यांसारखी मांडलेली दिसली की रफचा संशय घ्या.

एका फेरीत तीनच जाती पक्क्या करा. उरलेले ‘अनोळखी सँडपायपर’ म्हणून लिहायला लाज कसली.

फैजपूरकर
सगळ्यांचे आभार, हे छापून जवळ ठेवते. दोन शंका. १०×५० वर हे पाय-चोच दिसेल का, की स्पॉटिंग स्कोप घ्यावाच लागेल? आणि ऑक्टोबरात पक्षी लहान तळ्यांवर पांगतात म्हणालात, तर जळगाव-धुळ्याकडं कुठली तळी?

पांझराकाठ
धुळ्याकडचं सांगतो. नकाणे आणि डेडरगाव हे शहराजवळचे दोन तलाव. बदकांसाठी नकाणे बरा, पण ऑक्टोबरात भरलेलाच असतो. तिथं भिंतीकडं वेळ घालवू नका. नाला तलावात शिरतो त्या टोकाला जा, चिखल आधी तिथंच निघतो. हा नियम कुठल्याही पाझर तलावाला लावा: भिंत खोल, शेपूट उथळ. पारोळा, चाळीसगाव, साक्री या तालुक्यांत असे तलाव गावोगावी आहेत. पाऊस कमी झालेल्या वर्षी तर ते ऑक्टोबरातच अर्धे उतरतात आणि मोठ्या धरणापेक्षा जास्त टिलवे तिथंच मिळतात. नकाशावर उपग्रहचित्र बघून शेपटीकडं बैलगाडीची वाट जाते का ते आधी पाहून ठेवा, नाहीतर उभ्या कपाशीतून जावं लागतं आणि शेतकरी बोलतो ते बरोबरच असतं.

तापीवरच्या सारंगखेडा आणि प्रकाशा बॅरेजचा काठ या कामाला बेताचाच. पाणी पात्रातच तुंबलेलं आणि दरडी उभ्या, चिखलाला जागाच नाही. नदीसुरय मात्र चांगले दिसतात. जळगावचा मेहरूण सकाळच्या चालणाऱ्यांनी भरलेला असतो, बदकांसाठी ठीक. मुक्ताईनगरजवळचा हरताळा तलाव तुम्हाला जवळ पडेल.

तापीकाठ
दुर्बिणीबद्दल. १०×५० नं बदकं, हंस, शेकाट्या सगळं उत्तम दिसतं. टिलव्याचे पाय मात्र चाळीस-पन्नास मीटरच्या आतच कळतील, आणि हतनूरला तो तुमच्यापासून दोनशे मीटरवर असणार. दुर्बीण हातात हलते म्हणून कोपर गुडघ्यावर टेकवून बसा, निम्मा फरक तिथंच पडतो. स्कोप घ्यायचाच तर २०-६० झूमचा, पुढची काच ६५ मिलिमीटरची पुरे. ४० च्या वर झूम नेलं की चित्र अंधुक होतं आणि हवा लहरते, ते ६० फक्त खोक्यावर छापण्यासाठी. तिघाचौघांत मिळून एक घ्या. खरा पैसा ट्रायपॉडवर घाला. हलक्या ट्रायपॉडवर भारी स्कोप ठेवला तर वाऱ्यात काहीच दिसत नाही. पाय पूर्ण न उघडता ठेंगणा ठेवा आणि मधल्या दांड्याला पाण्याच्या बाटल्यांची पिशवी लटकवा.

ऑक्टोबर हीट आपल्याकडं काय असते ते सांगायला नको. साडेआठ-नऊनंतर ओल्या चिखलावरून वाफ उठते आणि दोनशे मीटरवरचा पक्षी वितळल्यासारखा दिसतो. उजाडताच काठावर असायला हवं. ऑक्टोबरच्या मध्यात सूर्योदय साधारण सव्वासहा-साडेसहाला.

ऊन पाठीशी घ्या. सकाळी चांगदेवच्या बाजूनं पश्चिमेकडं बघत, संध्याकाळी धरणाकडच्या बाजूनं पूर्वेकडं बघत. उलटं उभं राहिलं तर सगळे पक्षी काळे ठोकळे. धरणाच्या भिंतीवर आणि दरवाज्यांपाशी परवानगीशिवाय जाऊ नका, कॅमेरा तर काढूच नका.

आणि गाळ. हतनूरचा गाळ वरून सुकलेला, भेगाळलेला दिसतो, पण खाली कढीसारखा असतो. पुढं काठी रोवून बघा. काठी वजन न देता वीतभर गेली तर तिथूनच मागं फिरा. पाय गुडघ्यापर्यंत रुतला तर ओढाताण केल्यानं दुसराही जातो. मागं बसा, आडवं व्हा, वजन पसरवा आणि पाय हळूहळू हलवत सोडवा. गमबूट इथं उलट फसवतो, आत गाळ भरला की निघत नाही. जुने बांधायचे बूट बरे. काठालगतच्या केळीत आणि मक्यात रानडुकरासाठी कुठं कुठं तारेत करंट सोडलेला असतो, म्हणून अंधारात बांधावरून जायचं असेल तर वावरवाल्याला विचारल्याशिवाय नाही. बेशरमाच्या झुडपात आणि गवतात घोणस असते, हात टेकण्याआधी बघा.

हंस बघताना एवढंच: थव्यातल्या माना ताठ झाल्या की थांबा. चालायला लागले तर दहा पावलं मागं या. त्यांचा दिवसाचा वेळ विश्रांतीचा असतो. पहाटे आणि दिवस मावळताना ते हरभऱ्यात, गव्हात चरतात, उजेड वाढला की पाण्याकाठी परततात. म्हणून सकाळी सात ते नऊ जागेवर बसून वाट बघावी, ते स्वतःच डोक्यावरून ‘आंग-आंग’ करत येतात. मोजणी त्या वेळी सोपी: हवेत दहाचा एक गट डोळ्यानं पक्का करायचा आणि तो थव्यावर किती वेळा बसतो ते मोजायचं. जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना असते, १९८७ पासून दर वर्षी होते. त्यात हे आकडे देता येतील.

खाडीवाला
मूळचा नंदुरबारचा, आता नवी मुंबईत. किनाऱ्याचं मी सांगतो.

हंसांसाठी किनाऱ्यावर येऊ नका. पट्टकादंब गोड्या पाण्याचा आणि शेताचा पक्षी आहे. गुजरातेतही तो नळसरोवर, थोळ अशा आतल्या पाणथळींवर मिळतो. चिखलातल्या पक्ष्यांसाठी मात्र दिवाळीत खाडीच. कर्ल्यू, व्हिंब्रेल, टेरेक सँडपायपर, कर्ल्यू सँडपायपर, ग्रे प्लोव्हर, सँड प्लोव्हर, बार-टेल्ड गॉडविट हे खान्देशात क्वचितच दिसतील, इथं थव्यानं असतात. कारण साधं आहे. तुमचा चिखल आवर्तनानं उघडा पडतो, आमचा दिवसातून दोनदा. रोहित म्हणजे फ्लेमिंगो मात्र दिवाळीत कमीच असतात, त्यांची गर्दी थंडीत वाढत जाते.

इथं पातळीऐवजी भरती बघायची. ओहोटीला चिखल एक-एक किलोमीटर उघडा पडतो आणि पक्षी पार टोकाला, स्कोपमध्येही ठिपके. भरती चढायला लागली की पाणी त्यांना तुमच्याकडं ढकलत आणतं. शिवडीला भरतीच्या आधीचे दोन-तीन तास धरा. चिखल पूर्ण बुडला की पक्षी उडून जातात, त्यातले पुष्कळ नवी मुंबईत टी. एस. चाणक्य आणि एनआरआयच्या पाणथळींवर येऊन बसतात. तेव्हा शिवडी सोडून तिकडं जायचं. ठाणे खाडी २०२२ मध्ये रामसर यादीत, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळींच्या यादीत गेली. ऐरोलीहून वन विभागाची बोट सुटते, तिचीही वेळ भरतीवर.

वेळ काढायला कोळ्यांचा हिशेब पुरतो: तिथीची पाऊणपट. चतुर्थीला भरती तीन वाजता, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. अर्धा-पाऊण तास इकडंतिकडं होतो, म्हणून निघण्याआधी भरतीचा तक्ता बघाच, पण सुट्टी ठरवायला हे पुरे. रोज भरती साधारण पाऊण तासानं पुढं सरकते. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास पाणी जास्त चढतं, म्हणजे पक्षी जास्त जवळ येतात. सकाळी भरती आणि तीही मोठी, असं दोन्ही हवं असेल तर द्वादशी ते चतुर्दशी, मग शुद्ध असो की वद्य.

सुरतेकडं हा हिशेब लावू नका. खंभातच्या आखातात भरती उशिरा पोचते आणि पाणी खूप जास्त चढतं, वेगही मोठा. हजिरा-डुमसकडं चिखलात पुढं जाणं म्हणजे जिवाशी खेळ. तक्ता तिथलाच घ्यायचा आणि कोरड्या काठावरूनच बघायचं.

फैजपूरकर
म्हणजे धनत्रयोदशीला पावणेदहा, नरक चतुर्दशीला साडेदहा. नेमके तेच दिवस घरातून निघता येणार नाही! भाऊबीजेला भाऊ कल्याणला असतो, तेव्हा जाणं होणारच आहे.

खाडीवाला
भाऊबीज म्हणजे कार्तिक शुद्ध द्वितीया, भरती दुपारी दीडला. पाणी चांगलं चढेल, पण ऊन डोक्यावर आणि चिखल तापलेला. तरी कल्याणला आहातच तर अकराला शिवडीला उभ्या राहा, साडेबारापर्यंत बघा, मग चाणक्यला या. टोपी आणि दोन लिटर पाणी, सावली कुठंच नाही. त्याऐवजी कार्तिकी एकादशीपर्यंत सुट्टी पुढं ढकलता आली तर भरती सव्वाआठला येते, सकाळी सहाला शिवडी गाठायची.

तापीकाठ
एकादशीला जमलं नाही तर ताई, हरताळा आणि एखादा पाझर तलाव करून घ्या. हतनूर डिसेंबरात. पातळी २१४ च्या खाली सरकायला लागली की इथंच लिहितो.